तरंगत्या पवनचक्कीचा अहवाल

माझ्या नावावर एकच संशोधन प्रकल्प आहे, आणि त्याच्याविषयी मी आजवर कुणाशी धड बोललेले नाही.

दोन हजार दहा उलटून गेलं होतं. मी गोंदियात एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत होते. माझे जुने मार्गदर्शक समुद्रकाठच्या एका संशोधन संस्थेत होते. खोल समुद्रात तरंगत्या पवनचक्क्या उभारल्या, तर भोवतीच्या पक्ष्यांवर आणि माशांवर काय परिणाम होतो ते कसं तपासायचं, याची पद्धत बसवायला त्यांना निधी मिळाला होता. समुद्रातली एकेक फेरी फार खर्चाची. म्हणून आधी एखाद्या तलावावर लहान पवनचक्की ठेवून पाहायचं ठरलं. तलाव म्हटल्यावर सरांना आमचा जिल्हा आठवला आणि जिल्ह्यातली मी. स्टाफरूममध्ये सगळे हसायचे, "मॅडम, गोंदिया में समंदर कब आया?" मीही हसायचे, पण मनातून फुशारले होते.

कामठ्याकडच्या एका गावाचा तलाव मिळाला. ढीवरांची मच्छीमार संस्था तो सांभाळायची. त्यांनी माझ्यासोबत साठीचे एक काका दिले. डोंगा त्यांचा, तलावाची ओळखही त्यांचीच. प्रकल्पातून त्यांना रोजी मिळत होती. पिंपांवर बांधलेला तराफा, त्यावर खांब, खांबावर तीन पात्यांचं चाक. साखळ्यांनी तो तळाशी सिमेंटच्या ठोकळ्यांना बांधलेला. दर रविवारी आम्ही डोंग्यातून जायचो. मी पाण्याचे नमुने घ्यायचे, पक्षी मोजायचे. मी दुर्बिणीतून एक थवा मोजेपर्यंत काका नुसत्या डोळ्यांनी दोन मोजून मोकळे व्हायचे.

चार-पाच महिन्यांनी ते म्हणाले, "मॅडम, चाक फिरलं का बदकं त्या काठाले जातेत. थांबलं का येतेत. पन सारसाची जोडी होती ना, ते काई वापस आली नाई. अन् साखळी घासते खाली. मच्छी डोह सोडून राहिली."

मी वहीत लिहून घेतलं. त्याच्यापुढे कंसात 'नोंदी अपुऱ्या' असंही लिहिलं. ते खोटं नव्हतं. एवढ्याशा नोंदींवरून काहीच सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक होतं. पुढे त्याच दोन शब्दांच्या आड मी लपले.

दुसऱ्या टप्प्याचा निधी द्यायचा की नाही, हे ठरवायला तिघांची समिती आली, सोबत सरही. त्यांना मराठी येत नव्हतं. सगळं बोलणं इंग्रजीत. काठावर उभं राहून त्यांच्यातल्या एका बाईंनी काकांकडे हात करून मला म्हटलं, "यांना विचारा, काही बदल दिसला का?"

मी विचारलं. काका मोकळेपणी बोलले. बदकं, सारस, साखळी, डोह, सगळं हात दाखवून दाखवून सांगितलं. सर माझ्याकडे बघत होते.

मी इंग्रजीत म्हणाले, "विशेष फरक जाणवला नाही, असं ते म्हणतात."

बाईंनी ते लिहून घेतलं. काका म्हणाले, "मी एवढा बोललो मॅडम, अन् तुमी एवढंसंच सांगतल्या?"

"इंग्रजीत कमी शब्द लागतात, काका," मी हसून म्हणाले. ते पण हसले. त्यांनी विश्वास ठेवला होता.

निधी मिळाला. अहवालात एक वाक्य गेलं, स्थानिक मच्छीमारांनाही काही बदल आढळला नाही. मोठा तराफा आला. उन्हाळ्यात एका दुपारी वादळ सुटलं, तराफा ठोकळ्यांसकट सरकला आणि साखळ्यांनी डोहातली जाळी फाडली. त्या हंगामात डोहात मासाच लागला नाही.

मच्छीमार संस्थेने सभा बोलावली. खुलासा द्यायला मी गेले. अहवालाचा मराठी सारांश ग्रामपंचायतीत आला होता. अध्यक्षांनी ते वाक्य मोठ्याने वाचलं आणि काकांकडे वळले. "काऊन जी, तुमीच त सांगतले का काई फरक नाई?"

"रोजी भेटत होती ना," मागून कुणीतरी बोललं. "कायले खरं सांगतीन?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी फाइल उघडून पानं चाळू लागले. त्यात शोधण्यासारखं काही नव्हतं.

"मी असा नाई बोललो," एवढंच ते म्हणाले. माझ्याकडे बोट दाखवलं नाही. पुढल्या हंगामात डोहावर मासेमारीची त्यांची पाळी लावायची नाही, असं सभेनं ठरवलं. मी ऐकलं आणि स्कूटर काढून घरी आले.

दोन महिने गेले. रोज वाटायचं, या रविवारी जाऊ. मग गोंदियाच्या बाजारात त्यांची बायको मासे विकताना दिसली. मासे दुसऱ्या तलावाचे, विकत आणलेले. मला पाहून ती म्हणाली, "डोंगा काढनंच सोडले जी त्याईनं. घरीच बसून राहतेत." आवाजात राग नव्हता. तिलाही खरं काय ते माहीत नव्हतं. काकांनी घरातसुद्धा सांगितलं नव्हतं.

त्याच दिवशी मी सरांना फोन केला. ते म्हणाले, "अहवाल गेला आता. एका माणसाच्या बघण्याला काय वजन असतं?"

"वजन नव्हतं, तर त्याच्या तोंडचं म्हणून आपण ते वाक्य कशाला घातलं?"

मी दुरुस्ती लिहून पाठवली. काही आठवड्यांनी अहवालाला दुरुस्तीचं एक पान जोडलं गेलं. ते कुणी वाचलं की नाही, मला माहीत नाही.

फोननंतर चारच दिवसांनी मच्छीमार संस्थेची सभा होती; तिथे मी उभी राहिले आणि सांगितलं की काकांनी सगळं खरं सांगितलं होतं, मी ते उलटं करून सांगितलं. कुणी ओरडलं नाही. एकजण फक्त म्हणाला, "मंग दोन महिने कोठी होत्या?"

सभा सुटल्यावर मी काकांजवळ गेले. "माफ करा, काका."

"माफ करून का करू मॅडम," ते म्हणाले. "त्या दिसी बोलाचं होतं." आणि चपला घालून निघून गेले.

त्यांची पाळी त्यांना परत मिळाली. तिसऱ्या टप्प्याला मंजुरी आली नाही आणि तराफा काढून नेला. सारसाची जोडी परत आली का, हे विचारायला मी त्या तलावावर पुन्हा गेले नाही.

पुढे बढतीच्या अर्जात संशोधनाचा रकाना होता. मी त्यात हा प्रकल्प लिहिला, दोन टप्पे यशस्वीरीत्या पूर्ण, आणि बढती घेतली.