स्लो कुकरमधला पावटाभात

मंडळी, आज रात्रीचं जेवण फरसाण आणि चहा. का, ते सांगते.

कंपनीतून आल्यावर गॅसपुढं उभं राहायचं त्राण नसतं, म्हणून मी विजेवर तासन्‌तास मंद शिजवणारा स्लो कुकर घेतला. सकाळी भिजवलेले पावटे, तांदूळ, काळा मसाला, पाणी घालायचं, बटण दाबायचं आणि शिफ्टला पळायचं. आज दिवसभर प्रॉडक्शन लाईनवर उभी होते. डोक्यात एकच, घरी गरम पावटाभात आहे.

कारेगावच्या खोलीवर येऊन झाकण काढलं. पाणी गार, तांदूळ फुगलेले, पावटे तसेच टणक. वर आंबूस वास.

शेजारच्या आक्का दारातनं म्हणाल्या, "आगं, दिवसभर लाईट न्हवती. आज गुरुवार न्हाई का?"

आमच्या एमआयडीसीत गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, आणि दुरुस्तीसाठी लाईटही गुरुवारीच जाते. इथं पोरासोरांना ठाऊक आहे. मलाही होतं. पण कंपनीत जनरेटर आहे, लाईट गेलेली कळतच नाही; आणि ऑर्डर अर्जंट म्हणून कित्येक आठवडे रोज कामावर बोलवतायत, मग गुरुवार लक्षात राहणार कसा?

तुम्हाला आजचा वार कशावरून कळतो? मला कच्च्या पावट्यांवरून कळलं, की आज माझी सुट्टी होती.