उत्तर गोलार्धातले मामा

उत्तर गोलार्धात कुठेही वाऱ्याने कूस बदलली, की त्याची पहिली बातमी माझ्या बायकोच्या मोठ्या मामांना लागते आणि दुसरी, नाइलाजाने, मला. मामा काही हवामानशास्त्रज्ञ नव्हेत. उभा जन्म त्यांनी एका सहकारी बँकेत काढला, आणि तिथे पंख्याखालच्या टेबलासाठी भांडण्यापलीकडे वाऱ्याशी त्यांचा संबंध आला नव्हता. पण निवृत्तीनंतर मोबाइलवर पृथ्वीभरचे वारे हलत्या रेघांनी दाखवणारा एक नकाशा त्यांना सापडला, आणि कर्वेनगरातला हा साधा सज्जन माणूस जमिनीवरून उठला तो ढगांच्या वर जाऊन बसला.

तसं ते बोलतात शुद्ध आणि सावकाश. एकेक वाक्य अगदी नीट कळतं. सगळी वाक्यं संपली, की आधी जे कळत होतं तेही कळेनासं होतं. एकदा जानेवारीत चहा पिताना मी सहज म्हणालो, "मामा, यंदा थंडी कमीच, नाही?"

"कमी नाही, जावईबापू. दुसरीकडे गेलीय."

"कुठे?"

मामा उठले, स्वयंपाकघरातून मामींची कढई घेऊन आले आणि ती टीपॉयवर पालथी घातली. "हा उत्तर गोलार्ध. हे बूड म्हणजे ध्रुव, हा काठ म्हणजे विषुववृत्त." मग कुठूनशी एक परकराची नाडी काढून त्यांनी ती कढईभोवती गुंडाळली. "हा वरचा पश्चिमी वारा. अख्ख्या पृथ्वीला असा वेढा घालतो. हिवाळ्यात खाली, हिमालयाच्या दक्षिणेला उतरतो. पावसाळ्याच्या तोंडावर पार पलीकडे जातो. पण सरळ चालेल तर शपथ! जिथे खाली झुकेल तिथे ध्रुवाकडचा गारठा ओतला जातो, आणि जिथे वर चढेल तिथे ऊब."

"आणि पुणं?"

पुणं कढईच्या उजव्या कानापाशी होतं. मी बराच वेळ त्या कानाकडे पाहिलं. शेवटी धीर करून विचारलं, "मग उद्या सिंहगडावर जाताना स्वेटर न्यावा का?"

मामांनी माझ्याकडे अपार करुणेने पाहिलं. "इथे गोलार्धाचा प्रश्न चाललाय आणि तुम्ही स्वेटरचं विचारताय!"

आतून मामींचा आवाज आला, "गोलार्ध रिकामा झाला असेल तर पाठवा. भजी खोळंबलीत."

हो किंवा नाही असं उत्तर मामांनी कधी दिलेलं मला आठवत नाही. माझ्या मेव्हण्याचा साखरपुडा खडकवासल्याच्या रस्त्यावरच्या एका लॉनवर होता. दिवस फेब्रुवारीचे, पण आभाळ भरून आलेलं. पाऊस येईल का, असं सासऱ्यांनी मामांना विचारलं. "शक्यता नाकारता येत नाही, पण स्वीकारावी अशीही नाही," मामा म्हणाले. सासऱ्यांनी या वाक्यावर रात्रभर विचार केला आणि अर्ध्या लॉनवर मांडव घातला. पाहुणे संध्याकाळभर ताट हातात घेऊन आत बसायचं की बाहेर, असं एकमेकांना विचारत फिरत होते. पाऊस आलाच नाही. "मी म्हणालोच होतो," असं मामा श्रीखंड खाताना म्हणाले, आणि ते नेमकं काय म्हणाले होते हे कुणालाच आठवेना.

मला हा सगळा रिकामपणाचा उद्योग वाटायचा. मग एका हिवाळ्यात, भर सकाळी, मामींचा फोन आला. "जरा येऊन जाता का? हे काही खात नाहीयेत."

मी गेलो. त्यांचा एकुलता एक मुलगा, निखिल, कॅनडाच्या मधल्या सपाट मुलखात नोकरीला. आदल्या दिवशी तो मोटार घेऊन दुसऱ्या गावी निघाला होता, वाटेत हिमवादळ आलं आणि तेव्हापासून त्याचा फोन लागत नव्हता. मामा नकाशा उघडून बसले होते. वाऱ्याची ती नागमोडी रेघ नेमकी त्याच मुलखावर खाली झुकली होती. मामांचं ते कढईवरचं बोलणं मला आयुष्यात पहिल्यांदा लख्ख कळलं, आणि न कळतं तर बरं झालं असतं असं वाटलं. समोर मामी मेथी निवडत होत्या. निवडलेली पानं पुन्हा काड्यांतच टाकत होत्या.

"अहो, सरकेल ना हो ते?" त्यांनी विचारलं.

मी मान खाली घातली. आता शक्यता नाकारता येत नाही वगैरे ऐकावं लागणार होतं. मामांनी फोन पालथा ठेवला. "सरकेल. आजच सरकेल. पोर सुखरूप आहे. तू चार घास खा बघू."

मामी उठल्या, त्यांनी दोघांना वाढून घेतलं. नंतर गॅलरीत मी हळूच विचारलं, "नकाशात तसं दिसतंय का?"

"नकाशात आठवडाभर तसंच आहे," मामा कठडा घट्ट धरून म्हणाले. "एवढा मोठा वारा, जावईबापू. आणि त्यात एक मोटार."

संध्याकाळी निखिलचा फोन आला. रस्ता बंद झाल्यावर एका शेतकऱ्याने त्याला घरात घेतलं होतं. वीज नव्हती, फोन बंद पडला होता. मामी रडत रडत बोलल्या आणि त्यांनी फोन मामांकडे दिला. आता वाऱ्याचा वेग विचारणार, अशी माझी खात्री होती. मामांनी विचारलं, "जेवलास का?" आणि उत्तर न ऐकताच फोन परत देऊन ते तोंड धुवायला गेले.

गेल्या वर्षी दोघं मुलाकडेच राहायला गेले. मामांचा फोन अधूनमधून येतो. परवाही आला. "पुण्यात वारा कुठून आहे?"

मी गॅलरीत गेलो. आमच्या वाळत घातलेल्या टॉवेलला विचारावं तर तो एकीकडे उडत होता, समोरच्या गुलमोहराची फांदी भलतीकडेच. "मामा, खरंच कळत नाहीये हो," मी म्हणालो.

मला वाटलं, आता व्याख्यान सुरू होणार.

"असू दे," मामा म्हणाले. "जरा तिथेच उभे राहा. आवाज येतोय."

खाली कुणी रिक्षा मागे घेत होतं, भंगारवाला ओरडत होता, शेजारी कुकरची शिट्टी झाली. मी फोन कठड्याबाहेर धरला आणि तसाच उभा राहिलो.