गावं वसवणारी मुलगी

परदेशात, वाळवंटातल्या चँडलर शहरात आल्यावर पहिली काही वर्षं व्हिसामुळे मला नोकरीची परवानगी नव्हती. नवरा सकाळी ऑफिसला जायचा आणि मी पडदे ओढून बसायचे. बाहेर ऊन असं, की दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. सगळी वस्ती पाण्याच्या तळाशी बसल्यासारखी वाटायची.

शेजारी एक म्हातारे ज्यू गृहस्थ एकटेच राहायचे. मी त्यांना काका म्हणायचे. त्यांची नजर गेली होती. एकदा पोळ्या द्यायला गेले, तर म्हणाले, "थोडं वाचून दाखवशील?" त्यांचा धर्मग्रंथ इंग्रजीत होता. मला वाटलं, एखादी कथा असेल. निघाल्या जुन्या हिब्रू टोळ्यांच्या वंशावळी. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा आणखी कोणी. मी अडखळले की काका डोळे मिटूनच उच्चार सुधारायचे.

"यात ऐकण्यासारखं काय आहे, काका?"

"ही माणसं दुसरीकडे कुठेच येत नाहीत," ते म्हणाले. "आपण वाचतो तेवढीच त्यांची भेट."

मग मी जातच राहिले. एसीची घरघर, पडद्यातून झिरपणारा पिवळा उजेड. मध्येच एखादं घराणं तलम कापड विणणारं, एखादं कुंभारांचं. हातांना ओली माती लागलेली ती माणसं गालिच्यावर येऊन टेकली आहेत, असं मला पेंगता पेंगता वाटायचं.

एके दुपारी मुलग्यांच्या रांगेत एक मुलगी आली. तिने गावं वसवली. एवढंच. पुढच्या ओळीत दुसरेच कोणी.

"हिचं पुढे काय झालं?"

"लिहिलेलं नाही."

माझं बोट त्या ओळीवरच राहिलं. आमच्या छापील कुळवृत्तांतात माझीही एक ओळ आहे. कुणाची मुलगी, कुणाला दिली. मी सिव्हिल इंजिनिअर होते, ते त्यात नाही.

"काका, मी एका गावाची पाण्याची टाकी बांधलीये."

ते ताठ बसले. "आणि आत्ता सांगतेस? बोल."

मी बोलत सुटले. डोंगरावरचं गाव, टाकीचा स्लॅब ओतला तो दिवस, नळाला पाणी आल्यावर ओंजळ तशीच धरून उभी राहिलेली एक म्हातारी. मध्येच मराठीत घसरले, तरी त्यांनी थांबवलं नाही. त्या दिवशी वाचन झालंच नाही.

पुढे कामाची परवानगी आली. पाइपलाइनचे नकाशे करायची नोकरी मिळाली. त्याच हिवाळ्यात काकांची भाची त्यांना दूर उत्तरेला, शॉमबर्गला आपल्या घरी घेऊन गेली. रविवारी काकांचा फोन यायचा.

"या आठवड्यात काय बांधलंस?"

खरं तर मी दिवसभर स्क्रीनसमोर असायचे. पण पाणी कुठल्या रस्त्याखालून निघून कुणाच्या घरी पोचणार, ते सावकाश सांगायचे. तिकडे बर्फ पडत असायचा. त्यांचे हुंकार विरळ होत जायचे, मग नुसता झोपेतला श्वास ऐकू यायचा. मी आवाज आणखी हळू करायचे आणि सांगत राहायचे.