अर्ध्यावरचा नमस्कार

सत्तर सालानंतरची काही वर्षे मी परभणी जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात कारकून होतो. डॉक्टरांनी लिहिलेल्या प्रत्येक आजाराला एका जाड इंग्रजी पुस्तकातून आकडा शोधून द्यायचा, हे माझे काम; आकड्याशिवाय दाखला निघत नसे. इजा बरी झाल्यावर मागे जे दुखणे उरते, त्याला निराळा आकडा होता. अट एकच: आज काय उरले आहे आणि ते कोणत्या इजेमुळे, या दोन्ही गोष्टी डॉक्टरांच्या हस्ताक्षरात हव्यात.

वालूरचा एक मजूर देवगाव फाट्याजवळ रस्त्याच्या कामावर असताना खडीच्या ट्रकवरून पाठीवर पडला होता. हाड जुळले, पण खडी फोडणे त्याला जमेना. खात्याच्या विश्रामगृहावर चौकीदाराची जागा रिकामी होती, कामावर जायबंदी झालेल्यासाठी राखलेली. पाठ अधू असल्याचा दाखला मिळाला तर ती त्याची. नाही तर पुन्हा हातोडा.

दाखला अडला होता तो त्याच्याच सभ्यतेपायी. डॉक्टर विचारीत, "काय, कसं आहे?" तो हात जोडून सांगे, "बरं हाय साहेब, तुमच्या कृपेनं." मोठ्या माणसापुढे दुखणे मांडणे त्याला उद्धटपणाचे वाटे. डॉक्टर लिहीत, ‘तक्रार नाही’. माझ्या पुस्तकात ‘बरं हाय’ला आकडा नव्हता.

त्याची बायको माझ्या टेबलाशी येऊन तणतणे. "घरी रातभर कण्हतेत. इथं आले की पैलवान. तुमीच लिवून टाका की."

"मी लिहिलं तर माझी पाठ मोडतील," मी म्हणालो.

निघताना तो नेमाने डॉक्टरांच्या पाया पडायला वाके, आणि डॉक्टर नेमाने त्याला अर्ध्यावर धरीत. "असू दे, असू दे." ही देवघेव दोघांच्या इतकी अंगवळणी पडली होती, की त्या अर्ध्याच्या पुढे ती पाठ जातच नाही, हे डॉक्टरांच्या ध्यानात आले नव्हते. मी ते दारातून पाहत असे.

पुढच्या खेपेस मी आधी आत गेलो. "साहेब, आज त्याला धरू नका."

"का?"

"एकदा त्याचा नमस्कार पुरा होऊ द्या."

डॉक्टरांनी माझ्याकडे संशयाने पाहिले. पण वेळ आली तेव्हा हात पाठीमागे बांधले.

तो वाकला. नेहमीच्या जागी येऊन थांबला. डॉक्टर हलले नाहीत. तो वाट पाहत राहिला. शेवटी त्याने खुर्चीचा हात घट्ट धरला. खाली जाता येईना, वर येता येईना.

दारातून बायको म्हणाली, "आता सांगा, बरं हाय."

"साहेब," तो जमिनीकडे पाहत पुटपुटला, "धरा की जरा. लय दुखायलंय."

डॉक्टरांनी त्याला पालथे झोपवून सावकाश तपासले, अपघाताचा जुना कागद मागवला आणि दोन्ही गोष्टी लिहिल्या. मी आकडा घातला. जागा त्याला मिळाली.

काही महिन्यांनी तो चौकीदाराची खाकी घालून दवाखान्यात आला आणि माझ्यापासून चार हात लांब उभा राहिला. तिथूनच त्याने हात जोडले.

"पाया पडत न्हाई, साहेब," तो म्हणाला. "तुमच्याकडं कुणी अर्ध्यावर धरत न्हाई."