बिनहुंड्याचा तह

लग्नपत्रिका हाती आली की देवकीबाई नवरा-नवरीची नावं वाचतच नसत. थेट निमंत्रकांच्या यादीवर बोट ठेवून विचारत, "हा तह कोनाकोनात झाला वं?" राजापेठेत राहणाऱ्या, कॉलेजातून निवृत्त झालेल्या या इतिहासाच्या बाई. सिकंदराच्या मागून आलेल्या ग्रीक राजांच्या राण्या हा त्यांचा अभ्यास. "ते पोरगी देत नव्हते, तहाच्या कागदावर सही देत होते," म्हणायच्या.

मी हुंड्याविरुद्ध पत्रकं वाटणारी. माझं लग्न ठरलं तेव्हा पेढे घेऊन मिरवतच गेले. "बाई, एक रुपया हुंडा नाही!"

पेढा त्यांनी बशीतच ठेवला. "भावाचं कुठी जमलं?"

"त्याच घरी. माझी होणारी नणंद."

"म्हंजे साटंलोटं. आन् धुऱ्याची केस?"

शेताच्या त्या बांधावरून आमच्या दोन घरांत वर्षानुवर्षं कोर्टबाजी चालली होती. "ती मागे घेणार आहेत," मी म्हणाले आणि म्हणता म्हणता माझा आवाज उतरला.

"हुंडा कावून मागतीन तुले? तूच हुंडा आहे."

माझ्या एकाही पत्रकात हा मुद्दा नव्हता. मी चिडून म्हणाले, "तुम्हाला प्रत्येक मांडवात कटच दिसतो!"

त्यांनी इजिप्तच्या एका राजकन्येची गोष्ट सांगितली. लढाई थांबावी म्हणून बापाने तिला सीरियाच्या राजाला दिली. लोकांनी तिचं नावच पाडलं, हुंडा आणणारी. बाप मेला, तहाची गरज संपली, नवरा जुन्या राणीकडे परतला. भाऊ फौज घेऊन धावला, पण तो पोचेपर्यंत जुन्या राणीच्या माणसांनी तिला लेकरासकट मारलं होतं.

घरी येऊन दादाला विचारलं, "वहिनी रुसून माहेरी गेली तर माझं काय?"

"तू बी येशीन परत. फिट्टमफाट!" तो हसला.

मी लग्नाच्या बैठकीत सगळ्यांदेखत नाही म्हणाले. दादाचंही मोडलं. तो माझ्याशी बोलत नाही. केस चालूच आहे.

हे सांगायला गेले तेव्हा बाई अंथरुणावर होत्या. ती आमची शेवटची भेट. त्यांचंही लग्न साटंलोट्याचंच होतं, हे मला त्या दिवशी कळलं. भावजय भांडून माहेरी गेली आणि आठवड्याच्या आत सासरच्यांनी बाईंना अकोल्याच्या एसटी स्टँडवर आणून सोडलं.

"तुमचंही भांडण झालं होतं?"

"नाई वं. आमचं चांगलं चाललं होतं. माही पेटी त्यानंच गाडीत चढवली. रडत होता."