पाचही भागांतली बाई

आधीच सांगते, मी असलं काही मानणाऱ्यातली नाही. घरात कुणाची दृष्ट काढायची असली की मला बाहेर पाठवायचे, कारण मी हसायचे. कन्नड तालुक्यातलं मेंढपाळाचं घर आमचं. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, पहिली पीएचडीही मीच... आणि तीसुद्धा भुताच्या सिनेमांवर! आत्या विचारायची, "भुतं शिकायला विद्यापीठ लागतं व्हय गं?"

विषय होता हिंदीतली एक गाजलेली पाच भागांची भयपट-मालिका. नाव देत नाही, निम्म्या लोकांनी पांघरुणातून बघितलेली असणार. माझं म्हणणं एवढंच, की भीती ही बनवलेली वस्तू आहे. कॅमेरा कुठं ठेवला, आवाज कधी तोडला, सगळं उकलून दाखवता येतं. तीन वर्षं एकेक शॉट थांबवून मी वहीत नोंदी करत होते.

क्रांती चौकाच्या मागं माझी भाड्याची खोली होती. बापू, म्हणजे माझे वडील, दाढ काढायला शहरात आले होते. भर दुपार. गालात कापूस, बोलायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. मी लॅपटॉपवर गर्दीचे प्रसंग बघत होते. प्रत्येक भागात हवेलीसमोर गाव जमतं, तेवढेच. तिसरा भाग लावला आणि बापू गाल दाबून बोललेच.

"ही बाई मघाच्यात बी व्हती."

"बापू, हा वेगळा पिच्चर आहे. लई वर्षांनी काढलेला."

"असंल. बाई तीच हाय. तीनशे मेंढरं तोंडानं वळखतो मी, एक बाई वळखू येणार नाय व्हय?"

त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. उजवीकडं, गर्दीच्या कडेला. करडं लुगडं, डोक्यावर पदर, चेहरा सावलीत. पाचही भाग लावले. पाचहीत होती! पहिल्या आणि शेवटच्या भागात वीसेक वर्षांचं अंतर, दिग्दर्शक वेगळे, नट वेगळे... बाई तशीच. तीन वर्षं मला न दिसलेली ती, बापूंनी दाखवल्यापासून दिसायची थांबेना. चेहरा मात्र मला कधीच नीट दिसला नाही. बापूंना दिसायचा.

दुसऱ्या दिवशी गाईड सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून दोनदा बघितलं.

"इथं कुणी नाहीये."

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण नाही. प्रबंध द्यायला दोन महिने उरलेले, मुदतवाढ संपलेली, आणि मला नसलेली बाई दिसतेय! मग बापूंना डिपार्टमेंटला नेलं. मी काही न सांगता त्यांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं.

"बाबा, रिकामी जागा आहे ती," सर म्हणाले.

"मंग मान्सं सरकून का उभी हायत? कळपात परकं जनावर घुसलं का मेंढरं अशीच जागा सोडत्यात."

सर खुर्ची ओढून स्क्रीनजवळ सरकले. ती जागा त्यांनाही दिसत होती. पाचही भागांत, एका माणसापुरती. मग म्हणाले, "हेच लिहा. रिकामी जागा, दिग्दर्शकांचं तंत्र म्हणून. बाई लिहिलीत तर प्रबंध गेला समजा."

मी लिहिलं. चांगली अठ्ठावीस पानं. समोर बाई दिसत असताना 'रिकामी' लिहीत गेले.

व्हायव्हाच्या सकाळी बापू नवा पटका बांधून मागच्या बाकावर बसले होते. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी त्याच प्रकरणाचं तोंड भरून कौतुक केलं. मग प्रबंधातलं चौथ्या भागाचं छायाचित्र उघडून म्हणाले, "जागा रिकामी म्हणता... मग ही बाई कोण?"

सगळ्यांनी माना उंचावल्या. बाकी कुणालाच काही दिसेना. सर माझ्याकडं झुकून पुटपुटले, "छपाईतला डाग म्हणा."

एवढं म्हटलं असतं की झाले असते डॉक्टर.

"बाई आहे, सर," मी परीक्षकांना म्हणाले. "मला माहीत होतं. मी खोटं लिहिलं."

पदवी सहा महिने लांबली. ते प्रकरण परत लिहावं लागलं — कुणाला काय दिसलं, कुणाला नाही, सगळं जसंच्या तसं. त्याचं मला वाईट वाटत नाही. पण त्या दिवशी चहाच्या वेळी परीक्षक प्रबंध घेऊन बापूंजवळ आले आणि हळूच म्हणाले, "बाबा, मला चेहरा दिसत नाही. ती बघतेय कुणाकडं?"

"पयल्यात हवेलीकडं. मंग दर टायमाला जरा जरा मान हिकडं वळीवलीय तिनं."

"आणि पाचव्यात?"

बापूंनी त्यांच्या हातातला प्रबंध मिटला. "साह्यब, चहा गार व्हतोय."

बनवाबनवी म्हणावी, तर वीस वर्षं कुणी करेल? भ्रम म्हणावा, तर तिघांना एकच कसा? तुमच्यापैकी कुणाकडं उत्तर असेल तर सांगा.

आता मी कॉलेजात सिनेमाच शिकवते. परवा बापूंना परत विचारलं, पाचव्यात ती कुणाकडं बघतेय. त्यांनी पटका सोडून परत बांधला. मग म्हणाले, "शिकीव तू पोरांना. फकस्त पाचवा लावू नको."

सिलॅबसला पाचवाच लागलाय. सोमवारी साडेअकराचा तास आहे, आणि वर्गात सत्तावन्न मुलं आहेत.