बारावी पन्हळ

नागावचा अंबाजी कातारी चरकावर लाकूड कातायचा. लाटणी, पाळण्याचे दांडे, देवघराचे खांब सगळं करायचा, पण त्याचा खरा माज पन्हळींचा. पलंगाच्या सागवानी खुरावर वरपासून खालपर्यंत बारा खोलगट रेघा, सगळ्या एकसारख्या अंतरावर. मुंबईकर पाहुणेसुद्धा त्यावरून बोट फिरवल्याशिवाय पुढे सरकत नसत.

या कलेमागे बैलगाडीचं चाक होतं. अंबाजीच्या बायकोचा भाऊ कोंडाजी दमणी हाकायचा आणि तिच्या चाकाला बारा आरे होते. पन्हळींचं काम निघालं की अंबाजी ते चाक काढून आणी आणि खुराच्या टोकाला घट्ट बसवी. एक आरा पाचरीने अडवायचा, गोल पटाशीने एक पन्हळ कोरायची, की पुढचा आरा. तोवर दमणी एका चाकावर कलंडलेली. कोंडाजी बहिणीकडे पाहून सोसून घेई. मी असतो तर अंबाजीला त्या चाकाखालीच घातला असता.

एकतीस साली माझ्या चुलतबहिणीचं, दुर्गाचं लग्न ठरलं. आमच्या तात्याकाकांनी लेकीच्या आंदणाचा पलंग अंबाजीकडे करायला टाकला. लग्नाच्या दिवशी दुपारी नवरदेव मचव्यातून रेवदंड्याला उतरला, त्याला आणायला दमणी हवी, आणि गावात दमणी एकच. तात्यांनी मला पिटाळलं. जाऊन बघतो तर चाक चरकावर, आणि कोंडाजी डोक्याला हात लावून बसलेला.

तीन खूर झाले होते. चौथ्यावर अकरा पन्हळी उमटल्या होत्या, एक राहिली होती.

"चाक काढलं की परत त्याच जागी बसत न्हाय," अंबाजी म्हणाला. "अकरा पन्हळींचा खूर माज्या हातून जानार न्हाय."

एका पन्हळीला तासभर लागणार होता. जायला दीड तास, यायला दीड तास, आणि मुहूर्त गोरज. मी विनवण्या केल्या, मग आवाज चढवला, शेवटी तात्यांच्या रागाची भीती घातली. अंबाजी ढिम्म. तिकडे नवरदेव मुंडावळ्या बांधून बंदरात उन्हात उभा, आणि इकडे हा बाबा पटाशीला धार लावतोय. माझं डोकं फिरलं होतं.

ओटीवर अंबाजीची बायको राही तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं.

"अकराव्या आनि पयल्या पन्हळीच्या मदी जी जागा ऱ्हायली, थितंच बारावी यायची ना?" ती म्हणाली. "ती जागा काय पळून जाते? त्याला चाक कशाला लागतंय?"

अंबाजीने खुराकडे पाहिलं. मग चाकाकडे.

"वीस वर्सं झाली," तो पुटपुटला. "आदी का न्हाय बोललीस?"

"कामात बायकांनी तोंड घालू नये, ह्ये कोन बोललं व्हतं?" असं म्हणून राही भावाला चाक उचलू लागली.

बैलांच्या तोंडाला फेस आला, पण लग्न मुहूर्तावर लागलं. पलंग मात्र अक्षता पडल्यावर आला. मी चारही खुरांवरच्या पन्हळी मोजल्या. बाराच्या बारा. चाकाशिवाय कोरलेली कुठली, हे मला काही केल्या ओळखता येईना, म्हणून अंबाजीला विचारलं.

"कामातलं आता राहीला इचारा," तो म्हणाला.